वीस उतारूंची गाडी

पुराव्यावाचून कोणाला अपराधी ठरवणे हाही एक अपराधच होय, असे वडीलधारे सांगत आले आहेत. तरीही १९९४ सालच्या हिवाळ्यात बोरतळवाडीने गोजरबाईला अपराधी ठरवले, आणि तसे ठरवताना कोणाच्याही मनाला टोचणी लागली नाही.

तीर्थपुरीला जाणारी सकाळची बस आगाराने दोन महिन्यांच्या अजमावणीवर सुरू केली होती. गावातून रोज सरासरी वीस उतारू मिळाले तर बस कायम, न मिळाले तर बंद. आणि गोजरबाई ही मच्छिंद्राची आई. बस येण्यापूर्वी सारे गाव मच्छिंद्राच्या जीपमधून जात असे. आत दहा, मागे लोंबकळते चार.

पहिल्या पंधरवड्यात बसला सात-आठ माणसेच मिळाली. थांबा कारभारी अण्णांच्या खळ्यापाशी पडला, म्हणून त्यांच्याशी जुने वैर असलेली कडूबांची भावकी तिकडे फिरकेना. कारभारींच्या घरच्यांना मात्र बस दारातलीच, म्हणून तिचे मोल वाटेना.

जीव तुटत होता तो द्वारकाबाईचा. तिची कौसल्या तीर्थपुरीला अकरावीत शिकत होती. "लोंबकळत जायाचं असंल तर पोरगी घरीच बसंल," असे बापाने बजावले होते. केदारखेड्याचे स्थळही होकाराची वाट पाहत होते. बस बंद झाली, तर फाल्गुनात लग्न ठरलेलेच.

तिसऱ्या आठवड्यात गोजरबाई बसमध्ये दिसू लागली. हातात टोपली नाही, बाजाराची पिशवी नाही. ती मागच्या बाकावर बसे, एकेका डोक्याकडे बोट करी आणि ओठ हलवी. तीर्थपुरीला उतरून थोडा वेळ बसे आणि त्याच बसने परत येई.

हे प्रथम हेरले द्वारकाबाईने. पाणवठ्यावर ती बायकांना म्हणाली, "म्हातारी लेकासाठी माणसं मोजून राह्यली. मच्छिंद्र म्हणतो म्हणं, ह्या गावाला बस टिकवायची अक्कल न्हाई. महिन्याभरात समदे माझ्या जीपला लोंबकळायला येतेत बराबर."

सांज व्हायच्या आत हे वाक्य दोन्ही भावक्यांत पोचले.

"असं म्हणला का त्यो?" कडूबांनी विचारले आणि तोंडातली सुपारी थुंकली.

मच्छिंद्राने मारुतीच्या पारावर शपथ घेतली. "मी असं बोललोच न्हाई, काका! बिलकुल न्हाई." त्याच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. शपथ घेतो तोच खोटा, असे कारभारी म्हणाले. आणि पहिल्यांदाच कडूबांनी त्यांच्या बोलण्याला मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कडूबांच्या घरची पाच माणसे थांब्यावर आली. एकाला खत पाहायचे होते, एकीला बहिणीला भेटायचे होते, आणि कडूबांना काहीच काम नव्हते.

बस सुटायच्या बेतात होती. द्वारकाबाईने मागे वळून मोठ्याने विचारले, "किती झाले आज, मावशी? लेकाला सांगायचं ना जाऊन?"

"एकोणीस," गोजरबाई शांतपणे म्हणाली. "एक कमीच हाय, बाई."

"एक कमी?" कारभारी ताडकन उठले. "कंडक्टर, थांबवा गाडी! अगं ए साळूबाई, ठिव ते धुणं! चढ जल्दी!"

"अवो, मला कुठं जायाचंय?"

"तीर्थपुरीला! देवाचं दर्शन घे, न्हाईतर चहा पी. पर चढ!"

साळूबाई ओल्या हातांनी चढली. सारी बस हसली. गोजरबाई हसली नाही. तिने विसाव्या डोक्याकडे बोट केले आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर एकही दिवस बस रिकामी गेली नाही; उतारू तीस-तीस होऊ लागले. जो तो आधी मागच्या बाकाकडे पाही आणि मग तिकीट काढी. जीपमध्ये आता चार-पाचच माणसे असत. मात्र गोजरबाईशी कोणी बोलेना. बायका तिच्या बाकावरून उठून उभ्या राहत. हळदीकुंकवाचे बोलावणे तिच्या दारावरून पुढे गेले. एके सकाळी कोणीतरी तिच्या जागेवर गाडीचे वंगण फासून ठेवले. तिने ते पदराने पुसले आणि तिथेच बसली. त्या दिवशी द्वारकाबाई तीर्थपुरी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती.

दोन महिने पुरे झाले. आगाराचे साहेब कागद घेऊन आले. सरासरी तेवीस, बस कायम. कारभारींनी गूळ वाटला, आणि थांबा दोन्ही भावक्यांच्या मध्ये नेण्याचा अर्ज कडूबांनी लिहिला, त्यावर पहिली सही कारभारींची झाली.

"जाय, गोजरमाय," कोणीतरी ओरडले, "सांग लेकाला! म्हणावं, गाव हरलं न्हाई!"

ती घराकडे निघाली.

दुपारी, सारे गाव शेतात असताना, द्वारकाबाई परसदाराने तिच्या घरात आली. तिने गोजरबाईच्या पायांवर डोके ठेवले, ते बराच वेळ उचलले नाही.

"मावशी, आता सांगून टाकू का समद्याला? मच्छिंद्राच्या नावावर मीच खोटं बोलले, अन् मोजायला तुमाला मीच बसवलं म्हणून?"

"अन् उद्या बसमधी कोन चढंल?" गोजरबाईने तिला उठवले. "चौदा माणसं कोंबून पोरगं निघालं की त्यो परत येईस्तोवर माझ्या घशाखाली घास उतरत न्हवता. आता दोन येळा जेवते मी. कायबी सांगू नको." तिने द्वारकाबाईच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी कौसल्या शिकून मोठी होवो, माझा लेक सुखरूप राहो, अन् गावाचा माझ्यावरचा संशय देव असाच कायम ठेवो."