रिकाम्या व्हॅनची कुलुपं

गॅरेजातला वायरमन आपल्या मेहुण्याच्या मालवाहू व्हॅनला सेंट्रल लॉक बसवत होता. बॅटरी काढून त्याने बाकावर ठेवली होती. आतून वायर ओढायला मेहुणा व्हॅनच्या मागच्या रिकाम्या भागात शिरला, आणि त्याने आतून दार लोटताच सगळी कुलुपं खटकन लागली.

"भाऊजी, मस्करी पुरे!"

"अरे, गाडीत वीजच नाही!"

एवढ्यात आत धडाधड आदळआपट सुरू झाली. पत्र्यावर आतून डोक्याएवढी टेंगळं उठू लागली.

"भाऊजी, वाचवा! हा मारतोय मला!"

वायरमनने दाराच्या फटीत पहार घातली, जिवाच्या आकांताने जोर लावला. तळहात सोलवटले, पण दार तसूभरही हललं नाही. दाराखालून रक्त ठिबकायला लागलं, तशी मेहुण्याची किंकाळी मधेच तुटली.

कुलुपं आपोआप उघडली.

आतून एक अनोळखी आवाज मायेने म्हणाला, "या भाऊजी, आता तुम्ही या."