जूनपर्यंतचं भाडं

“फीचं तुम्ही मनातसुद्धा आणू नका,” टेबलापलीकडची कॅरिस म्हणाली. “फी टर्मप्रमाणे लागते. तिसऱ्या टर्मची तिला लागणारच नाही. आधीच्या दोन टर्मची सरकारी कर्जातून आली होती, आणि ते कर्ज आता माफ होतं. तुमच्या अंगावर एक पेनीही येत नाही.”

एम्लिनने मान हलवली. शब्द सगळे कळत होते. फक्त ते दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल चाललंय असं वाटत होतं.

गेल्या महिन्यात किनाऱ्याच्या रस्त्यावर त्याची मुलगी ग्वेनो बसली होती ती मैत्रिणीची गाडी उलटली. मैत्रीण वाचली. तेव्हापासून एम्लिन पुढ्यात ताट आलं की जेवायचा, हातात कोट दिला की घालायचा. दूध गोळा करायला टँकर घेऊन पहाटे शेतांवर जायचं तेवढं मात्र चुकलं नव्हतं. आज त्याची मोठी बहीण मेन्ना त्याला गाडीत घालून विद्यापीठाच्या फी-कचेरीत घेऊन आली होती, नाहीतर तो आलाच नसता.

“अरे, काय विचारायचंय ते विचारून घे,” मेन्ना म्हणाली. “पुन्हा पुन्हा नाही यायचं इतक्या लांब.”

मग कॅरिसच पुढे सांगू लागली. वयाने ती मेन्नाएवढी असावी. आवाज हळू ठेवायचा ती प्रयत्न करत होती, पण बाहेरच्या व्हरांड्यात पोरांचा गलका होता, त्यामुळे तिला तो मध्येच चढवावा लागे.

“पोहण्याच्या तलावाची तिने वर्षाची वर्गणी भरली होती. पुढच्या महिन्यांचे पैसे तुम्हाला परत मिळतील.”

“कसला तलाव?”

“पोहण्याचा. इथलाच, विद्यापीठाचा.”

एम्लिन मेन्नाकडे वळला. “ग्वेनो पाण्याला घाबरायची.”

“लहानपणी रे.”

“जात होती का ती? पोहायला?” त्याने कॅरिसला विचारलं.

कॅरिसने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. “मला इथे पैसे भरलेले दिसतात फक्त,” ती म्हणाली. “गेली की नाही ते नाही दिसत.”

एम्लिनने पुन्हा मान हलवली.

“मग राहिली खोली,” कॅरिस म्हणाली. “होस्टेलचं भाडं आठवड्यावर असतं. खोलीची किल्ली आमच्याकडे आली की त्या दिवसापासून ते थांबतं. सामानाची घाई नाही, तुमच्या सोयीने न्या. तुम्हाला जमणार नसेल तर आमची माणसं सगळं नीट बांधून घरी पोचवतील.”

मेन्नाने पर्समधून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. पोलिसांनी दिलेल्या पिशवीत ती आली होती.

एम्लिनने हात पुढे करून किल्ली उचलली.

“आणि ही दिलीच नाही तर?”

“तर काय...” कॅरिस अडखळली. “तर भाडं चालू राहील. जूनपर्यंत. म्हणजे वर्ष संपेपर्यंत.”

“किती होतील?”

“सतराशे पौंडांच्या आसपास. पण तुम्ही कशाला...”

“चालू राहू द्या.”

“एम्लिन!” मेन्ना जवळजवळ ओरडलीच. “डोकं ठिकाणावर आहे ना? पैसे वर आलेत का तुला? रिकाम्या खोलीचं भाडं भरणार?”

“रिकामी कुठे आहे? तिचं सामान आहे.”

मेन्नाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही. त्याला तो जाणवला की नाही, कोण जाणे.

कॅरिसने खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळून साहेबाच्या केबिनकडे पाहिलं. केबिनमध्ये कुणी नव्हतं.

“असं करते,” ती म्हणाली. “मार्चनंतर खोली मागायला सहसा कुणी येत नाही. साहेबांशी मी बोलते. खोली राहू दे तशीच, मी भाडं लावत नाही.”

“नको,” एम्लिन म्हणाला. “लावा.”

“अहो, पण गरज नाहीये.”

“फुकट ठेवलीत तर उद्या कुणीतरी येईल आणि म्हणेल, रिकामी करा. तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.” कित्येक दिवसांत तो एका दमात एवढं बोलला नव्हता. “भाडं भरलं की खोली तिची. असंच आहे ना ते?”

“हो,” कॅरिस म्हणाली. “असंच आहे.”

त्याने कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मेन्ना खिडकीबाहेर बघत होती. कॅरिसने आकडे भरले, यंत्र त्याच्यापुढे केलं. त्याने पिनचे आकडे दाबले. यंत्राने पावती काढली, ती कॅरिसने फाडून दिली, त्याने न वाचता खिशात घातली.

“जूनमध्ये काय होतं?” त्याने विचारलं.

“जूनमध्ये सगळ्याच खोल्या रिकाम्या होतात. शेवटच्या शनिवारी.” कॅरिसला काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून ती बोलत गेली. “पोरांचे आईबाप गाड्या घेऊन येतात. गाडी लावायला जागा मिळत नाही. लिफ्ट एवढीशी, त्यात पोरं आयत्या वेळी उठून सामान भरायला घेतात. मग गाद्या, उशा, मोठमोठे खोके घेऊन सगळे बाप जिन्यात उभे. कुणी पोरांवर डाफरतं, कुणी आमच्यावर. नुसता गोंधळ असतो दिवसभर.”

एम्लिन लक्ष देऊन ऐकत होता.

“त्या दिवशी येईन मी,” तो म्हणाला.

“अहो, त्या दिवशी नका येऊ. तुमच्यासाठी आधीचा एखादा निवांत दिवस ठेवते ना मी. त्या दिवशी तासन् तास रांगेत उभं राहावं लागतं.”

“राहीन,” एम्लिन म्हणाला, आणि त्याने कोटाची बटणं लावायला घेतली.