मनगटातली घरघर

वीस वर्षं मसुऱ्याच्या बाबलीने मधुमेहाशी जमवून घेतलं, पण डायलिसिसला तो नुसत्या शिव्या घालत होता. सुया टोचता याव्यात म्हणून डॉक्टरांनी डाव्या मनगटात दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या, तेव्हापासून तिथे घरघर लागली होती. ती थांबली तर लगेच या, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून त्याची बायको आनंदी रोज सकाळी वाकून त्या मनगटाला कान लावायची आणि म्हणायची, "वाजता हा."

"माझ्या हातात कोण शिरलो हा?" असं ओरडत त्याने तो हात दोनदा चौकटीवर आपटला होता.

आज कान लावताच तिचा चेहरा उतरला. "वाजणा नाय ओ! मी रिक्षा बघतंय." ती बाहेर धावली.

बाबलीला मात्र हायसं वाटलं. तेवढ्यात घरघर पुन्हा सुरू झाली, ओट्यावरच्या सुरमईतून. बर्फातून आणलेली, कधीची मेलेली सुरमई.

त्याने कोयता उचलला. मुंडकं उडवलं तरी ती घरघरतच होती. मग काटा, पोट, शेपटी, हाताला लागेल ते तो तोडत सुटला. रक्त भिंतीवर उडालं, खवले मिशीत अडकले. शेवटच्या घावाला आवाज बंद झाला.

"गेलो एकदाचो!" तो खदखदून हसला.

आनंदी धापा टाकत आत आली. ओट्याकडे न बघताच तिने त्याचा डावा हात धरला आणि पुन्हा कान लावायला वाकली.

घरघर आता तिच्या उघड्या मानेतून येत होती.

कोयता अजून बाबलीच्या उजव्या हातातच होता.