भेगेपुरतं पाणी

भट्टीच्या पाठीवर भेग पडून आतली आग लाल डोकावली, तसा धाकू तिकडे धावला. लाकूड चिखलाखाली गुदमरलं तरच त्याचा कोळसा होतो. वारा शिरला की नुसती राख. चिखल कालवावा, तर ओढा आटलेला.

पाणी उरलं होतं ते झोपडीच्या दारात, चुलीवरच्या हंड्यात. आत बायको अडली होती, आणि ते पाणी येणाऱ्या बाळाच्या अंघोळीचं होतं.

“मावशे, अर्धा हंडा दे! पावसाळ्याची सगळी बेगमी त्या भट्टीत हाय!” त्याने सुइणीपुढे हात जोडले.

“हात लावून तर बघ! लेकराला काय राखेनं न्हाऊ घालू?” म्हातारी खेकसली.

तो पळत परतला आणि कोरडी मातीच भेगेत कोंबू लागला. ती आत ओघळून जाई, भेग रुंदावत जाई. मागून बायकोची किंकाळी आली. हात थांबवून त्याने कान दिला. रडणं काही ऐकू येईना.

मग म्हातारीच काठोकाठ भरलेला हंडा घेऊन आली.

“बायको वाचली तुझी,” ती खाली बघत म्हणाली. “पाणी घे. समदं घे.”

भट्टीने समोर पेट घेतला, तरी धाकूच्याने ते पाणी ओतवेना.