चारशे वर्षांचा पोरगा

“थांबलात का? चावला का न्हाई त्यो तिला?”

रुपालीचा प्रश्न मशीनच्या आवाजातूनही पलीकडच्या खाटेपर्यंत गेला. तिच्या उशाशी बसलेल्या गोरक्षने पुस्तकातून मान वर केली.

“घोटभर पानी तरी पिऊ दे.”

“प्या. पन माझ्यासमोर नका पिऊ.”

गोरक्षने बाटली पिशवीत परत ठेवली. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून मिळतं, हे तो अजून विसरायचा.

एक दिवसाआड दोघं नवराबायको कोल्हारहून एसटीने नगरच्या दवाखान्यात यायची. रुपालीच्या एका हातात सुया, दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा. पुस्तक धरायला हात मोकळा नसायचा, म्हणून तो वाचायचा. पुस्तकं सिस्टर अनन्याची होती, तिच्या शाळेच्या दिवसांतली. त्यात एक पिशाच्च होतं. वय चारशे वर्षं, दिसायला कॉलेजातला पोरगा. ज्याचं रक्त पिईल त्याच्या आयुष्यातल्या जुन्या एखाद्या दिवसात तो जाऊन पोचायचा. आणि त्याचं अवंती नावाच्या शाळकरी पोरीवर प्रेम बसलं होतं.

“वहिनी, ह्या वयात असलं काय ऐकता?” शेजारच्या खाटेवरचा वाल्मिक म्हणायचा. “एखादी पोथी ऐका.”

“पोथीत फुडं काय व्हनार ते म्हाईत हाय की. आन आपलं तरी काय येगळं चाललंय? ह्या मशीनला दात न्हाईत, येवढंच.”

वाल्मिक हसायचा. मग तोही ऐकत पडायचा. गोरक्षचा आवाज बसला की तोच आधी विचारायचा, “मग? फुडं?”

मशीनवर फार दिवस निघणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रुपालीचं हृदय थकलं होतं. लवकर किडनी बसवली तरच काही खरं. तिचे आईवडील राहिले नव्हते. गोरक्षची तपासणी झाली. डॉक्टर दोघांना समोर बसवून म्हणाले, “यांची चालणार नाही. दुसरं कुणी बघा.”

गोरक्ष खाली बघत बसला. रुपालीनेच त्याच्या पाठीवर हात ठेवला. “जाऊ द्या. तुमी तरी काय करनार?”

राहिला तिचा धाकटा भाऊ श्रीमंत. तो तपासणीसाठी कर्जतहून आला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर त्याने चहा घेतला आणि तिथूनच परतीची एसटी धरली. संध्याकाळी त्याचा फोन आला. “आक्का, मला लई भ्या वाटतं गं. माझ्यानं न्हाई व्हनार.”

गोरक्षने त्याच्याशी बोलणं टाकलं. गावात मात्र तो ज्याला त्याला सांगायचा, “सख्खा भाऊ. किडनी मागितली, तर च्या पिऊन पळाला.” ऐकणारे हळहळायचे. बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणायच्या, “बघा, गोरक्षभाऊ बायकोचं कसं करतात ते.”

दुसऱ्या भागाच्या शेवटी अवंती मरायला टेकली. पिशाच्चाने स्वतःचं रक्त दिलं असतं तर ती जगली असती. पण मग त्याचं अमरपण गेलं असतं, चारचौघांसारखा तोही म्हातारा होऊन मेला असता. तो तिच्या उशाशी बसून आपलं तिच्यावर किती प्रेम आहे तेच सांगत राहिला. पान संपलं तरी सांगतच होता.

“चारशे वर्सं जगला की मुडदा!” रुपाली भडकली. “अजून किती जगायचंय त्याला? भ्यालोय म्हन ना सरळ.”

“आपल्या श्रीमंतासारखाच हाय,” गोरक्ष म्हणाला.

“त्यानं निदान सांगितलं तरी. तुमी नका त्याला बोलू.”

गोरक्ष पानं चाळत राहिला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुमाला जाता आलं मागं, तर कुठल्या दिवसात जाल?”

“तपासनीच्या.”

“तिथं जाऊन काय करनार? तवा जुळली न्हाई ती आता जुळनार हाय का?”

“तरीपन.”

“मी तर बाबा लग्न ठरलं त्या दिवसात जाईन,” वाल्मिक म्हणाला, “आन बोलाचाली सुरू व्हायच्या आत मागच्या दारानं पसार.”

रुपाली इतकी हसली की मशीन ओरडायला लागलं. अनन्या धावत आली.

तिसरा भाग अनन्याच्या मैत्रिणीकडे गेला होता, तो परत आलाच नाही. गोरक्षने नगरची दुकानं पालथी घातली आणि शेवटी तो मिळवला. एसटीतच वाचायला सुरुवात केली. राहुरीपर्यंत अवंती जिवंत होती.

त्याच आठवड्यात रुपालीच्या छातीत पाणी भरलं. गाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर भावकी जमली. पिंड मांडला. कावळा समोरच्या बाभळीवर बसून होता, पण खाली उतरेना. ऊन चढलं.

“मन अडकलंय तिचं,” गोरक्षची आई रतनबाई म्हणाली आणि मागे वळून बघितलं. श्रीमंत एकटाच उभा होता. त्याच्या शेजारी कुणी थांबलं नव्हतं. “आता तरी फुडं ये की रं.”

श्रीमंत आला. त्याने हात जोडले. “आक्का, भ्यालो मी. चुकलो.”

कावळा हलला नाही.

“कसा शिवंल?” गर्दीतून कुणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं. श्रीमंत मान खाली घालून घाटाच्या पायऱ्या चढून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

“गोरक्षा, आता तूच बोल,” रतनबाई म्हणाली. “तू तिचं देवासारखं केलंस. तुझं ऐकंल ती.”

गोरक्ष उठला. पिंडापाशी जाऊन ओणवा झाला आणि तिच्या एकटीपुरत्या आवाजात म्हणाला,

“रुपे, माझी जुळली हुती. डॉक्टरांना न्हाई म्हनायला मीच लावलं.”