दोन काटे

सकाळी घरच्या वजनकाट्यावर बेचाळीसचा आकडा दिसला आणि क्षयरोगातून उठत असलेली कुमुदिनी हसली. आजवर कधी चहाही न केलेले भालचंद्र, तिचे यजमान, तीन महिने तिच्यासाठी शिरा, खिमट, अंडी करत होते. ती नको नको म्हणायची, ते समोर बसून भरवायचे.

दवाखान्यातल्या काट्यावर मात्र एकोणचाळीसच भरले. कुमुदिनी बाकावर बसली आणि तिला रडू आवरेना.

"उगाच राबलात हो तुम्ही. माझ्या अंगी काही लागतच नाही."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई तिच्याजवळ आल्या.

"काकू, दोन काटे एकसारखे कधी दाखवतात का? गेल्या महिन्यात याच काट्यावर तुम्ही छत्तीस होतात. तीन किलो वाढलंय!"

कुमुदिनीने भालचंद्रांकडे पाहिले. त्यांनी घाईघाईने चष्मा पुसायला घेतला.

बाहेर पडल्यावर ते रिक्षाला हात करणार, तोच तिने त्यांची बाही ओढली. समोरच्या हॉटेलात थालीपिठं भाजली जात होती.

"अहो, थांबा ना," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

आजारपणात हे ती पहिल्यांदाच म्हणाली होती.