अकरावा विषय

हेडक्लार्क ताईंनी चौथ्यांदा पाण्याचा तांब्या भरला, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, आता बसा, नाहीतर सभेआधी विहीर आटेल. ताई बसल्या. पण बसल्या म्हणजे खुर्चीला टेकल्या एवढंच. पाय टेबलाखाली चालतच होते.

विषयपत्रिकेच्या सुरुवातीला चौदा किरकोळ विषय होते. दिव्यांचे बल्ब, गटाराची जाळी, स्मशानाच्या भिंतीला चुना. नगरपालिकेची जुनी रीत अशी की वादाचे विषय शेवटी, आणि नेहमीचे चौदा-पंधरा विषय आधी एका दमात. अध्यक्ष म्हणायचे, "एक ते चौदा, वाचले असं समजून मंजूर." सदस्य माना हलवायचे. त्यात तिघांच्या माना आपोआपच हलायच्या, पंख्याच्या वाऱ्याने म्हणा किंवा डुलकीने. या रीतीवर ताईंनी तीन वर्षं काढली होती.

अकरावा विषय एका ओळीचा होता: जुन्या पंपघरावरील पंपचालकाची नेमणूक आणखी एक वर्ष चालू ठेवणे. त्या ओळीत हे लिहिलेलं नव्हतं की तीन वर्षांपूर्वी नवी पाइपलाइन आली आणि चौकातला जुन्या लाइनचा व्हॉल्व्ह कायमचा बंद झाला. पंपघराचं पाणी आता थेट ओढ्याला जाऊन मिळायचं. पंपचालक हा ताईंचा धाकटा भाऊ, हेही त्या ओळीत नव्हतं.

त्याची बायको गेली तेव्हा तो पाच महिने रजेवर होता. रजा कसली, भिंतीकडे तोंड करून बसणंच ते. ताई भात कालवून समोर ठेवायच्या आणि तसाच उचलायच्या. व्हॉल्व्ह बंद झाला तो याच पाच महिन्यांत. याला कामात गुंतवा, रिकामा ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी इंजिनियरच्या पाया पडून त्याचं तोंड बंद केलं आणि भावाला डबा देऊन पंपघरावर धाडलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याने आपणहून चहा मागितला. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या आणि चहात साखर दोनदा पडली.

तेव्हापासून त्या रोज विचारायच्या, आज पंपाने त्रास दिला का. तो कधी म्हणायचा जरा गरम झाला होता, कधी म्हणायचा गुणाने चालला. रजिस्टरमध्ये नोंदी अशा सुबक की कोणी कित्ता म्हणून गिरवाव्यात.

यंदा मात्र नव्या सदस्य होत्या मास्तरीणबाई. पस्तीस वर्षं शाळेत काढून निवृत्त झालेल्या. त्या विषयपत्रिका पेन्सिल घेऊन वाचायच्या. मागच्या सभेत त्यांनी फिनाइलच्या बाटल्या मोजायला लावल्या होत्या आणि एक बाटली खरंच कमी भरली होती.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "एक ते चौदा, वाचले असं समजून..."

"अकरा बाजूला ठेवा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

झोपलेले तिघे जागे झाले. ताईंच्या हातातल्या पेनचं टोपण खाली पडलं. त्या वाकून ते शोधू लागल्या आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिल्या.

वर आल्यावर त्यांनी पाठ केलेलं उत्तर दिलं. नव्या लाइनला काही झालं तर जुना पंप तयार हवा, यंत्र बंद पडून गंजतं, वगैरे.

मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी काल पंपघरावर जाऊन आले," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाशी बोलले."

काय बोललात, हे ताईंना विचारायचं होतं. चारचौघांत ते विचारायची सोय नव्हती. व्हॉल्व्हचं सांगितलं असेल का? सकाळी डबा नेताना तो नेहमीपेक्षा गप्प होता का? तो नेहमीच गप्प असतो. आत्ता तो कुठे असेल? पंपघराच्या भिंती पांढऱ्या आहेत, आणि चारी बाजूंनी आहेत. ताईंना उठून पळत सुटावंसं वाटलं.

"त्यांनी हे दिलंय." मास्तरीणबाईंनी पिशवीतून एक बंद पाकीट काढून अध्यक्षांपुढे ठेवलं. "फक्त तुमच्यासाठी आहे. तुम्ही एकट्याने वाचा, मग अकराचं ठरवू."

अध्यक्षांनी आयुष्यात कुठलाही कागद आधी स्वतः वाचलेला नव्हता. कार्यालयात आलेल्या प्रत्येक अर्जावर आवक नंबर पडायला हवा, आणि आवक रजिस्टर ताईंकडे. त्यांनी सवयीने पाकीट डावीकडे सरकवलं. "ताई, नोंद करून घ्या."

"अहो, त्यांना नको," मास्तरीणबाई अर्ध्या उठल्या. तोवर ताईंनी पाकीट फाडलं होतं. अक्षर लगेच ओळखू आलं, तेच रजिस्टरमधलं.

'मा. अध्यक्ष यांस, विषय: बदली मिळणेबाबत. पंपाचं पाणी ओढ्याला जातं हे मला कामावर परतलो त्याच दिवशी पंपावरच्या दाबाच्या काट्यावरून कळलं. बसून पगार घेणं आता होत नाही, झाडलोटीचं काम दिलंत तरी चालेल. मात्र हुकूम कार्यालयातूनच निघाल्यासारखा असावा आणि मला सगळं ठाऊक होतं हे माझ्या बहिणीला कधीही कळू नये. मी रोज कामाला जातो एवढ्याच आधारावर ती उभी आहे, आणि ती खचली तर तिला सावरायला माझ्याशिवाय कोणी नाही.'